जावयाच्या हातचा झोपाळा

जर्मनीत कुशल वेल्डरांचा मोठा तुटवडा आहे, आणि त्यातला एक वेल्डर कमी पडायला माझ्या सासूबाईंची इरकली साडी कारणीभूत आहे. निदान गेलं वर्षभर मी सगळ्यांना असंच सांगत आलोय. आता खरं काय ते सांगतो.

मी डार्मश्टाटमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणं हा माझा धंदा. सतरा वर्षं हेच करतोय. संध्याकाळी बायकोने, मृदुलाने, विचारलं की "आज काय केलंस?" तर दाखवण्यासारखं हातात काही नसतं. एखादं बटण निळं हवं होतं ते हिरवं निघालं, हे मी दिवसभर सिद्ध केलेलं असतं. चाळिशी उलटली की लोक योगासनांकडे वळतात, मॅरेथॉनकडे वळतात. मी वेल्डिंगकडे वळलो.

आमच्या भागातल्या फोल्क्सहोखशुलेत, म्हणजे संध्याकाळच्या शाळेत, नवशिक्यांसाठी वेल्डिंगचा वर्ग होता. (मला खरं तर पाव भाजायच्या वर्गाला जायचं होतं. तो भरला होता.) शिकवायला हेर (म्हणजे श्रीयुत) हार्टविग नावाचे माइस्टर होते. साठीचे, शंभर किलोच्या पुढचे, माझ्या ऑफिसच्या वाटेवरच त्यांचं स्वतःचं छोटं वर्कशॉप. माइस्टर, म्हणजे उस्ताद कारागीर, ही पदवी इथे परीक्षा देऊन मिळते आणि मग ती माणसाच्या चेहऱ्यावरच उमटते. पहिल्या संध्याकाळी माझी 'नाट' (वेल्डिंगची शिवण, हा शब्द पुढे बऱ्याचदा येणार आहे) पाहून ते "हं" म्हणाले. सहाव्या संध्याकाळी म्हणाले, "निष्ट श्लेष्ट." वाईट नाही! जर्मन माणूस असं म्हणतो तेव्हा आपल्याकडे शाल आणि नारळ देतात असं समजावं. त्या दिवशी मी ट्रॅम सोडून पायी घरी आलो.

थट्टा बाजूला ठेवून सांगतो, मला ते काम मनापासून आवडलं होतं. हेल्मेटच्या काळ्या काचेतून वितळलेल्या लोखंडाचा एक छोटासा थेंब दिसतो. तो न घाबरता, न घाई करता पुढे न्यायचा, बस. ते करताना डोक्यात दुसरं काही नसायचं. संपल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा झालेला असायचा, आणि तो मी केलेला असायचा. इतकं समाधान मला सतरा वर्षांत मिळालं नव्हतं.

एक दिवस मी मृदुलाला म्हणालो, "मी नोकरी सोडून वेल्डर होणार आहे."

"छंद म्हणून ठीक आहे रे प्रसाद."

"छंद नाही. करिअर."

"बल्ब गेला तर तू बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरला फोन करतोस."

"बल्ब हा वेगळा विषय आहे."

 मृदुला म्हणाली, "हेर हार्टविग स्वतः म्हणाले ना, की याला मी कामावर घेतो, तर मी आड येणार नाही. पण ते म्हणाले पाहिजेत. तू नाही."

मी विचारलं. हेर हार्टविग यांनी हातातलं काम संपवलं, हात पुसले आणि म्हणाले, "जागा आहे. माझा एक माणूस निवृत्त होतोय. पण आधी एक वस्तू पूर्ण करा. गिऱ्हाइकाला द्यायची असते तशी. मी घरी येऊन बघेन. पटलं तर सोमवारी सकाळी सात वाजता कामाला या."

गिऱ्हाईक घरातच होतं. सासूबाई तीन महिन्यांसाठी सांगलीहून आल्या होत्या. तिकडे नव्या फ्लॅटमध्ये मावला नाही म्हणून त्यांचा झोपाळा देऊन टाकावा लागला होता, आणि त्याची आठवण त्या रोज चहाच्या वेळी काढत. मी जाहीर केलं, "आई, तुम्हाला इथे मागच्या दारी टेरासेवर झोपाळा करून देतो. लोखंडी."

"तुम्ही?" सासूबाई म्हणाल्या. मग लगेच सावरून घेत, "करा की, जावईबापू. हौस आहे तर."

पुढचे चार शनिवार मी हेर हार्टविग यांच्या वर्कशॉपमध्ये चौकोनी पाइप कापले आणि जोडले. शेवटच्या शनिवारी त्यांनी चष्मा लावून प्रत्येक नाट पाहिली. आडव्या दांड्याच्या जोडावर त्यांचा अंगठा जरा जास्त रेंगाळला. "कान मान झो लासेन," ते म्हणाले. हे असंच ठेवायला हरकत नाही. पुढच्या रविवारी दुपारी कॉफीला येतो, तेव्हा उभा केलेला झोपाळा बघेन, असंही म्हणाले.

असंच ठेवायला हरकत नाही, असं माइस्टर म्हणाले होते. मी ते असंच ठेवलं नाही. सगळी गोष्ट खरं तर एवढीच आहे.

झालं असं, की मी सांगाडा घरी आणला आणि सासूबाईंनी त्यावरून हात फिरवला. हात फिरवता फिरवता त्यांचा इरकलीचा पदर जोडावरच्या खरबरीत नाटेला अडकला आणि एक धागा निघाला.

"हे असंच राहणार?" त्यांनी विचारलं.

"आई, ती नाट आहे. तिच्यावरच तर सगळं उभं असतं."

"असेल हो. पण गाठी गाठी दिसतात. आणि साड्यांची वाट लागेल. आमच्या सांगलीच्या झोपाळ्याचं पितळ कसं गुळगुळीत होतं."

मृदुला म्हणाली, "जरा घासून घे ना. लोक काय म्हणतील, अर्धवट ठेवलंय."

माझी तेरा वर्षांची मुलगी ईरा टेरासेच्या पायरीवर बसून हे ऐकत होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमधूनच येतं. ती म्हणाली, "डार्फ मान दास?" असं करायला परवानगी आहे का? ही पोर प्रत्येक बाबतीत हाच प्रश्न विचारते, आइस्क्रीमवर अजून एक चमचा क्रीम घालतानासुद्धा, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही.

मला कळत नव्हतं असं नाही. दुसऱ्याच वर्गात शिकवलं होतं, की अशा कोपऱ्यात बसलेल्या नाटेला शोभेसाठी हात लावायचा नाही, ताकद तिच्या जाडीतच असते. पण सासूबाईंनी कौतुकाने बघावं, असं मला इतकं वाटत होतं, की मी शेजाऱ्याचा ग्राइंडर आणला आणि पुढच्या शनिवारी सकाळी सगळ्या नाटा घासून सपाट केल्या. राहिलेल्या फटींत पुट्टी भरली. वरून पितळी रंग मारला. दुपारी सासूबाईंनी पुन्हा हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता कसा शोरूममधला वाटतो." मी इतका खूश झालो, की विचारायची सोय नाही.

रविवारी हेर हार्टविग तीनच्या ठोक्याला आले, हातात सफरचंदाचा केक घेऊन. टेरासेवर झोपाळ्याची पूजा मांडली होती. दांड्याला हळदीकुंकू, पायाशी नारळ आणि प्रत्येक जोडावर बागकामाच्या दुकानातल्या झेंडूंची भरगच्च माळ. हेर हार्टविग यांनी चष्मा लावला आणि जोड बघायला वाकले. माळेखाली त्यांना काही दिसेना, म्हणून अजून वाकले.

सासूबाई मृदुलाच्या कानात म्हणाल्या, "बघ, किती भाविक आहेत. आपल्याकडच्या लोकांना एवढं सुचत नाही."

हेर हार्टविग यांनी मला विचारलं, "भार देऊन पाहिलाय?"

"ते काय म्हणतायत?" सासूबाई.

"कोणी बसून बघितलंय का, असं विचारतायत."

"छे. आधी घरातलं कसं बसेल? पहिला मान पाहुण्यांचा."

हे त्यांनी शनिवारीच ठरवलं होतं आणि मला ते फार योग्य वाटलं होतं. त्यामुळे त्या झोपाळ्यावर तोवर ईराची शाळेची बॅगसुद्धा ठेवली गेली नव्हती. सतरा वर्षं टेस्टिंग करून पोट भरणाऱ्या माणसाने जन्मात एकच वस्तू स्वतः बनवली, आणि ती टेस्ट न करता गिऱ्हाइकापुढे ठेवली!

मी हेर हार्टविग यांना म्हणालो, "आमच्याकडे पहिल्यांदा पाहुणा बसतो. तो मान असतो."

"आधी वाळूची पोती ठेवतात," ते म्हणाले.

पण तोवर सासूबाई निरांजन घेऊन पुढे आल्या होत्या. त्यांनी ओवाळलं, कुंकू लावलं, हातात शिऱ्याची बशी दिली आणि मराठीत म्हणाल्या, "बसा. संकोच करू नका." सांगलीकडच्या आग्रहापुढे भल्याभल्यांचं काही चालत नाही, मग जर्मन सुरक्षा नियमांचं काय चालणार? हेर हार्टविग यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. 'तुमच्या नाटा मी पाहिल्यात' असा विश्वास त्या बघण्यात होता. आणि ते बसले.

पहिला झोका छान गेला. दुसऱ्या झोक्याला ते "श्योन" म्हणाले, म्हणजे छान. तिसऱ्या झोक्याला आडव्या दांड्याच्या जोडातून सुपारी फुटल्यासारखा आवाज आला आणि माइस्टर, फळी, साखळ्या, झेंडू असं सगळं एकदम खाली आलं. दांडा त्यांच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडला. बशी मात्र त्यांनी सरळ धरली होती. शिऱ्याचा एक कणसुद्धा सांडला नाही.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या.

"पापा," ईरा म्हणाली, आणि पुढे जे बोलायचं होतं ते तिने मोठ्या मनाने गिळलं.

मी उचलायला धावलो. त्यांनी हातानेच थांबवलं, बशी माझ्याकडे दिली आणि जमिनीवर बसूनच तुटलेला जोड जवळ ओढला. माळ बाजूला केली. नखाने पुट्टीचा टवका काढला आणि त्या जागेवर अंगठा फिरवला.

"इथे एक नाट होती," ते म्हणाले.

"हो."

"कुठे गेली?"

"घासली."

"का?"

मी सांगितलं. 'सासूबाईंची साडी अडकत होती' हे वाक्य मी तोवर कोणत्याच भाषेत बोललो नव्हतो. जर्मनमधून तर ते फारच वाईट वाटलं. हेर हार्टविग यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं, साडीकडे पाहिलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, "ती चांगली नाट होती. तुमची सगळ्यात चांगली."

मग ते हळूहळू उठले, कमरेवर हात ठेवून दोन पावलं चालून पाहिली आणि शिरा संपवला. सांगाडा स्वतःच्या गाडीत चढवला. जाताना म्हणाले, "हा उद्या पुन्हा करू. सात वाजता या."

म्हणजे त्यांनी नाही म्हटलं नव्हतं! एवढं सगळं होऊनही ते म्हणाले होते, की या. मृदुलानेसुद्धा ऐकलं. संध्याकाळी तीच म्हणाली, "जा हं उद्या. मी डबा करून देते."

आणि मी गेलो नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. एक माणूस माझ्यावर विश्वासून बसला आणि माझ्यामुळे पडला, आणि तो दांडा वीतभर इकडे आला असता तर काय झालं असतं, हे डोक्यातून जाईना. मी त्यांना अतिशय शुद्ध जर्मनमध्ये मेल लिहिला, की आमच्याकडे नव्या प्रोग्रॅमचं रिलीज आहे, त्यामुळे जमणार नाही. हेर हार्टविग मेल फक्त गुरुवारी उघडतात, हे मला पक्कं माहीत होतं.

सोमवारी सात वाजता मी डबा घेऊन त्यांच्या वर्कशॉपवरून सायकलने ऑफिसला गेलो. शटर वर होतं. आत दिवा होता. दाराजवळच्या खुंटीवर त्यांच्या एप्रनशेजारी अजून एक कातडी एप्रन लटकत होता, कोरा करकरीत. ते स्वतः पाठमोरे उभे होते. मी पॅडल मारणं थांबवलं नाही. ऑफिसमध्ये त्या दिवशी मला एक बटण सापडलं, ते दोनदा दाबलं की काहीच होत नव्हतं.

तीन आठवड्यांनी त्यांनी झोपाळा आणून उभा करून दिला. मी तेव्हा ऑफिसात होतो, म्हणजे मुद्दाम होतो. सगळे जोड नव्याने केलेले आणि एकही नाट घासलेली नाही. फक्त मागच्या बाजूचा, शोभेचा एक छोटा आडवा तुकडा त्यांनी न जोडता फळीवर ठेवला होता. त्याच्यावर खडूने लिहिलं होतं, 'ही नाट तुमची.'

ती घालायला मी अजून गेलेलो नाही. हिवाळा संपल्यावर जाऊ, मग सुट्टीत जाऊ, असं करत वर्ष गेलं. मध्यंतरी कळलं, की ती जागा भरली. मला वाईट वाटलं. अजूनही वाटतं, रोज सकाळी सातच्या सुमाराला.

सासूबाई यंदाही आल्या आहेत. रोज चार वाजता झोपाळ्यावर बसून सांगलीला व्हिडिओ कॉल लावतात आणि फोन सगळीकडे फिरवून दाखवतात, "आमच्या जावईबापूंनी स्वतःच्या हाताने केलाय बरं का." मी आत काम करत असतो, पण हे ऐकू येतं. मी त्यांना दुरुस्त करायला बाहेर जात नाही. तसं पाहिलं तर त्या अगदीच खोटं बोलत नाहीत. मागचा तो शोभेचा तुकडा मीच लावलाय, प्लास्टिकचे दोन केबल टाय आवळून.