निघ पोरी

माणिकबाई टीव्ही पाहत नाही, टीव्हीशी भांडते, असं तिच्या गल्लीत म्हणतात आणि त्यात खोटं काहीच नाही. राजापेठेत फुलं विकणारी ही बाई. दुकान म्हणजे तरी काय, रस्त्याच्या कडेला एक लाकडी टेबल, त्यावर ओलं फडकं, आणि फडक्यावर शेवंती, झेंडू, गुलाब, गजरे. सकाळी देवपूजेचं गिऱ्हाईक, संध्याकाळी गजऱ्यांचं. त्यामुळे संध्याकाळची मालिका काही तिच्या वाट्याला येत नाही. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो, तेव्हा ती शेजारच्या पौर्णिमाला हाक मारते आणि जेवणाचं ताट पुढ्यात घेऊन बसते.

बसते म्हणजे नुसती बसते होय! मालिकेतल्या सासूला ती अशा काही शिव्या घालते की पौर्णिमा उठून खिडकी लावून घेते. नायिकेचं डोहाळजेवण झालं त्या दिवशी हिनं मोगऱ्याची वेणी आणून टीव्हीच्या डोक्यावर ठेवली होती. पुढं ते मूल पोटातच गेलं, तर ही बया दिवसभर दुकानावर तोंड पाडून बसली आणि गिऱ्हाइकांना वाटलं घरात कोणी वारलं. त्या नायिकेचं नाव मृण्मयी. एवढं अवघड नाव कोणी लेकराचं ठेवते काय, म्हणून माणिकबाईनं ते कधी उच्चारलंच नाही. तिच्यासाठी ती नुसती ‘पोरी’.

तिची आणखी एक खोड सांगून ठेवतो, पुढं लागेल. फोन ती स्वतःच्या हातानं कधी कापत नाही. समोरच्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटतं म्हणे. ‘ठेव बरं’ म्हणायचं आणि फोन तसाच बाजूला टाकायचा, कापायचा तो समोरच्यानं. तिचा नवरा देवीदास पहाटे बाजारातून फुलं उचलून आणतो, त्याला दिवसातून चारदा तिच्याशी बोलावं लागतं. या खोडीपायी तो किती वेळा चिडला असेल त्याचा हिशेब नाही. माणिकबाई ऐकून घेते आणि पुन्हा तसंच करते.

आणि आता खरी गोष्ट, करिश्माची. करिश्मा ही माणिकबाईची एकुलती एक लेक, अकोल्याला दिलेली. जावई नितेशचं तिथं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दिसायला गोड, बोलायला त्याहून गोड, आणि घरात हात उचलणारा. पहिल्यांदा करिश्मा माहेरी निघून आली, तेव्हा माणिकबाईनं तिला आठ दिवस ठेवून घेतलं, तेल लावून न्हाऊ घातलं आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा हातात देऊन स्वतः गाडीत बसवून दिलं. नांदाच लागते पोरी, मी नाही नांदली काय, असं म्हणाली. दुसऱ्यांदा आली तेव्हा देवीदास तिला पोचवायला गेला आणि वर जावयाचीच माफी मागून आला. तिसऱ्यांदा करिश्मा आलीच नाही. ती आता फक्त फोन करायची.

माणिकबाई वाईट आई नाही हो. लेकीचा फोन आला की ती रात्रभर कूस बदलत राहायची. पण तोंडातून निघायचं ते तेच, जे तिच्या आईच्या तोंडातून निघालं होतं. दुसरं काही म्हणता येतं, हे तिला टीव्हीपुढं बसल्याशिवाय आठवतच नव्हतं.

त्या दिवशी सकाळपासून राजापेठेत एकच विषय होता. आदल्या संध्याकाळी मृण्मयीनं घर सोडलं होतं. वकिलांच्या घरच्या सरोजिनीबाई रोज देवासाठी शेवंती नेतात, एरवी भावाशिवाय शब्द बोलत नाहीत. त्यासुद्धा पिशवी पुढं करून म्हणाल्या की काल त्या ढसाढसा रडल्या, साहेबांनी पाणी आणून दिलं, आणि माणिकबाईनं दुपारी काही झालं तरी चुकवू नये. शिवणवाली रडली, शिकवणीला येणाऱ्या पोरी रडल्या. माणिकबाईचा जीव नुसता टांगणीला लागला. तिनं लवकर पसारा आवरला आणि घर गाठलं.

मालिकेचं गाणं सुरू झालं आणि नेमका करिश्माचा फोन आला. आवाज इतका खाली की माणिकबाईला फोन कानात खुपसावा लागला. मनगट सुजलं आहे, म्हणाली. सकाळी नितेशनं दारात पिरगाळलं. पोळ्या लाटता येत नाहीत आणि तो जेवायला येईल आता. मग थोडं थांबून तिनं विचारलं.

“आई, मी येऊ का?”

माणिकबाईचा घास तोंडातच फिरला. डोळ्यांत पाणीही आलं, खोटं कशाला सांगू. पण जीभ आपल्या जुन्या वाटेनं गेली. हळद लाव, म्हणाली. शेजारणीकडून दोन पोळ्या करून घे. दिवाळी होऊ दे, मग तुहे बाबा येतीन, जवाईबुवासंग बोलतीन, थोडं सोस. “ठेव बरं,” म्हणून माणिकबाईनं फोन बाजूच्या गादीवर टाकला, आणि डोळे पुसून टीव्हीकडं पाहिलं.

मृण्मयी उंबऱ्याशी उभी होती. हातात बॅग, कपाळावर खोक. सासू म्हणत होती, एकदा पाऊल बाहेर टाकलंस तर हे दार तुला कायमचं बंद. संगीत वाजलं. मृण्मयी थांबली, मागं वळून घराकडं पाहू लागली. पुन्हा संगीत वाजलं, पुन्हा तिचाच चेहरा. पौर्णिमा पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. माणिकबाईला मात्र ते थांबणं सहन होईना. हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून ती गुडघ्यावर उठली.

“निघ पोरी,” ती ओरडली. “मांगं काय पाहून राहिली? दार लावते त लावू दे. कोनाले भेतं? मी बसली हाय ना अठी.”

मृण्मयीनं पाऊल उचललं. दोघी बाया घळाघळा रडल्या, त्यातच माणिकबाईनं सासूला दोन शिव्या हासडून घेतल्या. मग जाहिरात लागली आणि पौर्णिमानं आवाज बंद केला. त्या शांततेत गादीवरून काहीतरी करकरलं. लोखंडी कपाटाचं दार. मग बॅगेची चेन. माणिकबाईनं फोनकडं पाहिलं, उचलला, कानाला लावला.

“निघते मी, आई,” करिश्मा म्हणाली आणि फोन कापला गेला.

माणिकबाईनं लगेच उलटा लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. पौर्णिमा विचारत होती की तू तिले काय म्हटलं. मी कुठं तिले म्हटलं, मी त हिले म्हटलं, असं म्हणून माणिकबाईनं टीव्हीकडं बोट केलं. तिथं एक पोरगा दात घासत होता.

मग सुरू झाली ती दुपार, देवा, वैऱ्यावर येऊ नये. नितेश जेवायला येण्याची वेळ आणि पोरीच्या निघण्याची वेळ एकच. जिन्यात गाठ पडली तर? हातात बॅग दिसली तर? मनगट एक सुजलं आहे, दुसरं राहील का धड? माणिकबाईला बसवेना, उभं राहवेना. सासूला घातलेल्या शिव्या तिच्या तोंडात कडू होऊन परत आल्या. टीव्हीतल्या पोरीला बाहेर न्यायला गाडी उभी असते, आपलीला कोण आहे, हे तिला आत्ता सुचलं.

देवीदास आला आणि सगळं ऐकून डोक्याला हात लावून बसला. मग चिडला. टीव्हीले म्हटलं होतं म्हनून सांग तिले, पोचायच्या आत परत फिरू दे, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. सांगणार कोणाला? फोन बंद होता. तेवढ्यात त्याचाच फोन वाजला. नितेश. देवीदास ‘हो बापू, नाही बापू’ करत भिंतीला टेकला. घराला कुलूप होतं, उघडून पाहिलं तर कणीक तशीच परातीत, ती तिकडं येत असेल तर मी दुकान बंद करून मोटरसायकलवर निघतो, असं जावयानं सुनावलं. आली त मी आनून सोडतो बापू, तुमी कशाले तरास घेता, देवीदास म्हणाला. माणिकबाईनं त्यातून एवढंच घेतलं की पोर त्याच्या हाती लागली नाही. तिला हुंदका आला. पण मोटरसायकल एसटीच्या आधी पोचते, हेही तिच्या लगेच ध्यानात आलं.

अकोल्याच्या एसटी गाड्या राजापेठेवरूनच जातात. म्हणून तिनं संध्याकाळचं दुकान लावलं, नाही तर त्या दिवशी कोणाला सुचत होतं गजऱ्यांचं. लाल गाडी आली की दोरा हातातून सुटायचा. मोटरसायकल जवळून गेली की मान वळायची. फुलं उलटी ओवली जात होती, ती उसवून पुन्हा ओवायची. देवीदास शेजारी उभा राहून लोक काय म्हनतीन एवढंच घोकत होता.

करिश्मा आली ती चालत, पुढच्या थांब्यावरून. खांद्याला बॅग, मनगटाला ओढणी गुंडाळलेली. माणिकबाईनं तिला जवळ ओढलं, चेहरा, मान, दोन्ही हात चाचपून पाहिले. नेमक्या त्याच वेळी सरोजिनीबाई गजरा घ्यायला आलेल्या. त्यांनी बॅग पाहिली, ओढणी पाहिली आणि काय ते समजल्या. कालच्या भागाला ढसाढसा रडलेल्या त्याच सरोजिनीबाई मोठ्या मायेनं म्हणाल्या की बाळ, संसारात जुळवून घ्यावं लागतं गं. आवाज त्यांचा होता, पण माणिकबाईला त्यात दुपारचं आपलंच बोलणं ऐकू आलं. तिचे कान तापले.

देवीदासनं तीच संधी साधली. पोरी, तुही माय टीव्हीले बोलून राहिली होती, तुले नाही, जवाई येऊन राहिला, गुमान त्याच्यासंग जाय, असं तो एका दमात बोलून गेला.

करिश्मानं आईकडं पाहिलं.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “तुहा टीव्ही ऐकू येऊन राहिला होता. मी फोन कापलाच नाही. तिले म्हनतं, निघ, मी बसली हाय. मले म्हनतं, पोळ्या करून घे. ती कोन लागते तुही?”

खरंच, कोण लागत होती ती? एवढा जीव जिच्यावर टाकला तिचं तर नावही तिला घेता येत नव्हतं. सरोजिनीबाई गजरा न घेताच पुढं सरकल्या. आणि देवीदासच्या खिशातला फोन वाजू लागला. तो उचलणार तोच माणिकबाईनं हिसकून घेतला.

नितेश बडनेऱ्याला, म्हणजे इथून पंधरा मिनिटांवर, पोचला होता. सासूचा आवाज ऐकून त्याचं गोड बोलणं पार संपलं. तिला बॅगेसकट तयार ठेवा, म्हणाला. आणि हे तिला शिकवलं कोणी, तेवढं एकदा कळू दे.

भीती माणिकबाईला होतीच, ती कुठं जाणार. लग्नापासून ती त्याला जवाईबुवा म्हणायची, अहोजाहो करायची, त्याच्यापुढं पदर नीट करायची. तिनं लेकीला टेबलाच्या आतल्या बाजूला ओढलं, आपल्या स्टुलावर बसवलं आणि स्वतः तिच्यापुढं उभी राहिली.

“मीनं शिकवलं, नितेश,” ती म्हणाली. “मीनंच म्हटलं तिले, निघ पोरी. तू ये. मी बसली हाय अठी.”

पलीकडून तो काहीतरी ओरडू लागला. माणिकबाईनं फोन कानापासून दूर धरला, लाल बटण शोधलं, आणि जन्मात पहिल्यांदा आपल्या हातानं फोन कापला.