शिट्टीआधीचं जेवण

रेफरीला आधी जेवू घालायचं आणि मग मैदानात न्यायचं, ही आमच्या सौंसरची रीत. ती मी सुरू केली नाही, पण वीस वर्षं निष्ठेनं पाळली मात्र मीच. मी शाळेत खेळ शिकवतो, मुलींचा फुटबॉलचा संघ माझ्याकडे असतो आणि घर मैदानाला लागूनच आहे. रेफरी बाहेरगावाहून बसनं येणार, उन्हात उतरणार, म्हणजे तो पाहुणाच झाला. पाहुण्याला उपाशी पोटी तासभर पळवायचं, हे काही माणुसकीला धरून नाही. बायको सकाळपासून पाटोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या रश्श्याच्या, मागे लागायची. रेफरी दोनदा रस्सा मागून घ्यायचे, मग सुपारी, मग गप्पा, आणि आम्ही हसत हसत मैदानात जायचो.

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो. रेषेबाहेर उभा राहून मी सतत ओरडतो. मुलींवर ओरडतो, वाऱ्यावर ओरडतो आणि रेफरीवर तर हक्कानं ओरडतो. पण आमच्याकडे येणारे रेफरी कधी उलटून बोलले नाहीत. "बसा ना सर," म्हणायचे, हसायचे, आणि थोड्या वेळानं एखादी शिट्टी आमच्या बाजूनं वाजायची. गावात माझ्या शब्दाला मान आहे, असं मी समजून चाललो होतो.

यावर एकदाच कुणीतरी बोट ठेवलं होतं. पांढुर्ण्याचा कोच, माझ्याच वयाचा, शांत माणूस. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याचा संघ आमच्या मैदानावर एका गोलनं हरला. तो गोल ऑफसाइड होता असं त्याचं म्हणणं होतं. त्यानं भांडण केलं नाही. गाडीत बसताना एवढंच म्हणाला, "सर, तुमचा रेफरी जेवून खेळला. आमच्या पोट्ट्या उपाशी खेळल्या."

ते मला फार लागलं. पाहुण्यांची लेकरं आपल्या दारातून उपाशी गेली, या विचारानं मी दोन दिवस बेचैन होतो. पुढच्या वर्षी मी पांढुर्ण्याच्या अख्ख्या संघाला जेवायला बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या, वर जिलेबी. कोच भात कालवता कालवता माझ्याकडे नुसता पाहत राहिला. मी त्याला आग्रह करून आणखी वाढलं.

तर ही गेल्या दिवाळीआधीची गोष्ट. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून जिल्ह्याचा अंतिम सामना बहुतेक आमच्यात आणि त्यांच्यातच होतो. आधी छिंदवाड्यापर्यंत जाऊन हरावं लागायचं, आता घराजवळ हरायची सोय झाली, असं बायको म्हणते. जिंकेल तो संघ संभागाच्या, म्हणजे विभागाच्या, स्पर्धेला जातो. माझा एकही संघ तिथपर्यंत पोचला नव्हता, आणि पुढच्या वर्षी मी रिटायर होणार. यंदाच्या मुली खरोखर चांगल्या होत्या. काहींच्या घरी कापूस वेचायचा होता, तरी त्या सकाळी सहाला मैदानात हजर असायच्या. असा संघ मला पुन्हा मिळणार नव्हता. जायचं तर याच वर्षी, हे मुलींपेक्षा मलाच जास्त लागून राहिलं होतं.

रेफरी म्हणून आली ती मोहगावची एक मुलगी. विशीतली, अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले. मी तिला घ्यायला बसस्टँडवर गेलो, तोवर ती मैदानात पोचून चुन्याच्या रेषा पावलांनी मोजत होती.

"चाल बेटा, जेवून घे आधी. घरी पाटोडी केली हाय," मी म्हणालो.

"मी डबा आणला सर."

"डबा राहू दे. पाहुण्यानं डबा कायले खायचा?"

"मॅचच्या आधी मी कोणाच्याच घरी जेवत नाही सर. आणि मैदानात मले बेटा नका म्हणू."

आवाज जराही चढलेला नव्हता. मला मात्र कानशिलात बसल्यासारखं झालं. ती कडुनिंबाखाली गेली, दोन्ही संघांकडे पाठ करून बसली आणि पोळीभाजी खाऊन डबा नळावर विसळून आली. घरी सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "तिखट चालत नसन तिले." मी तसाच जेवलो, पण घास काही गोड लागला नाही.

सामना अटीतटीचा झाला. दोन्हीकडून गोल नाही आणि शेवटची दहा-बारा मिनिटं उरलेली. पांढुर्ण्याची एक मुलगी चेंडू घेऊन आमच्या गोलसमोर घुसली, आमची बचावाची मुलगी तिच्या अंगाला भिडली, दोघी धुळीत पडल्या, आणि शिट्टी वाजली. रेफरीनं हात सरळ पेनल्टीच्या खुणेकडे केला.

मी रेषा ओलांडून आत शिरलो. मला इतक्या लांबून नीट दिसलं नव्हतं, पण माझी खात्री होती. खात्री व्हायला मला कधी दिसावं लागलेलंच नाही.

"काय पाहून शिट्टी मारली तुमी?" मी विचारलं.

"जर्सी ओढली सर. तुमी बाहेर व्हा."

"तुझ्या वयाएवढे साल मी या मैदानात काढले. तू मले शिकवून राहिली?"

"बाहेर व्हा सर."

मी आणखी बोललो. जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरीबाळींसमोर तर मुळीच बोलण्यासारखं नव्हतं. तिनं खिशातून लाल कार्ड काढून माझ्यासमोर धरलं. मला. माझ्या मैदानात. मी जागचा हललो नाही. मग तिनं चेंडू उचलून काखेत घेतला, घड्याळ थांबवलं आणि म्हणाली, "तुमी दोरीपलीकडे गेल्यावर मॅच सुरू होईन. मी थांबते."

आणि ती थांबली. चिडली नाही, हात हलवले नाहीत, मदतीसाठी कुणाकडे पाहिलं नाही. मैदानाभोवती सगळं ओळखीचं गाव उभं होतं, शाळेचे सर, मुलींचे आईबाप, दुकानं तशीच टाकून आलेले लोक. मी वाट पाहत होतो की कुणीतरी म्हणेल, जाऊ द्या मॅडम, सर मोठे आहेत. कुणी म्हणालं नाही. एवढ्या माणसांत ती एकटी उभी होती आणि तिला घाई नव्हती. शेवटी माझेच पाय मागे सरले.

दोरीपलीकडे संत्र्याच्या बागेची बुटकी भिंत आहे. तिच्यावर जाऊन बसलो. पेनल्टीवर गोल झाला, तो मी पाहिलाच नाही. कारण मी तिच्याकडे पाहत होतो.

मी जन्मभर फुटबॉल पाहत आलोय, पण चेंडू सोडून रेफरीकडे कधी पाहिलं नव्हतं. ती पोरगी एक क्षण थांबत नव्हती. चेंडू पोचायच्या आधी ती तिथं असायची, आणि कुणाच्या वाटेत मात्र यायची नाही. पुढच्या पाच मिनिटांत तिनं आम्हाला फ्री किक दिली, तर पांढुर्ण्याचे लोक तिच्यावर तुटून पडले. तिनं त्यांच्याकडेही तेवढंच पाहिलं जेवढं माझ्याकडे पाहिलं होतं, म्हणजे शिट्टीपुरतं. आमची मुलगी पायात गोळा येऊन बसली तेव्हा खाली वाकून तिनं तिचा पाय स्वतः ताणून दिला, आणि उठून लगेच आमच्याच विरुद्ध थ्रो दिला. दोन्हीकडून शिव्या, मध्ये ही एकटी, आणि तिच्या चेहऱ्यावर जराही राग नाही. हे असं असतं, असं असायला पाहिजे होतं, हे मला त्या भिंतीवर बसून कळलं. मग पांढुर्ण्याच्या कोचचं ते जुनं वाक्य एकदम आठवलं. जेवून खेळलेला रेफरी. अरे देवा, आणि मी त्याच्या पोरींना जिलेबी खाऊ घातली.

आम्ही एका गोलनं हरलो. मुली रडत होत्या. बचावाची ती मुलगी माझ्यासमोर येऊन खाली मान घालून उभी राहिली.

"जर्सी ओढली होती काय तू?" मी विचारलं.

"हो सर. तुमी भांडून राहिले होते, म्हणून बोलली नाही."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. रागवायला माझ्याकडे तोंड उरलं नव्हतं.

रेफरी कडुनिंबाखाली रिपोर्ट लिहीत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"तुमचं नाव लिहा लागते सर, कार्डासाठी," ती म्हणाली.

"लिहा मॅडम. बोललो तेही लिहा."

तिनं सगळं लिहिलं, सही केली, कागद दुमडून बॅगेत ठेवला, चेन लावली. मग पहिल्यांदाच माझ्याकडे निवांत पाहिलं आणि विचारलं, "पाटोडी उरली हाय काय सर? आता मॅच संपली."

मी तिची बॅग उचलली. वाटेत पांढुर्ण्याचा कोच गाडीत सामान चढवत होता, त्याचाही हात धरून त्याला घरी आणलं. तो आता पार पिकलाय. दोघांना शेजारी बसवलं. बायकोनं रस्सा गरम केला. पोरीनं पहिला घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं तिखटानं, तरी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. बायको माझ्याकडे पाहून हसली.

मी कोचच्या ताटात भात वाढत होतो. वाढता वाढता म्हणालो, "सर, आज रेफरी स्वतःचा डबा खाऊन खेळली."

त्यानं वर पाहिलं.

"लय वर्षं लागले सर तुमाले," तो म्हणाला आणि रश्श्यासाठी वाटी पुढे केली.