हलकं काम

झाकण ठेवलेली वस्तू दिसली आणि ती उघडून न बघता आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकीणबाई पुढे गेल्या, असं त्यांच्या हयातीत एकदाही घडलं नसेल. नेवाशाच्या त्या मुलींच्या वसतिगृहात मी नुकतीच देखरेखीला लागले होते. सगळ्या मुली त्यांना मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी ट्रंक उघडून आतली पुस्तकं मोजली आणि "एवढं वाचून डोस्क्यात जागा ऱ्हाती का वो बाई?" असं अगदी मनापासून विचारलं. रागवायचं राहून गेलं, कारण उत्तर मलाही येत नव्हतं.

दुष्काळाचं साल होतं. रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल ज्वारीच्या, मिलोच्या, भाकऱ्या खाऊन मुली वाळत चालल्या, तेव्हा संस्थेचं पत्र आलं : स्वयंपाकीणबाईंनी आहारशास्त्राची प्रमाणपत्र परीक्षा द्यावी, नापास झाल्यास शिकलेली नवी बाई नेमू. मावशींना चुलीखेरीज दुसरं घर नव्हतं. मी घाबरले. मावशी मात्र हरखल्या, कारण उघडून बघायला एक अख्खं शास्त्र मिळालं होतं! तिसरीपर्यंतच्या वाचनावर त्या भाकऱ्या थापता थापता धडे घोकू लागल्या. मी भीतभीत शिकवायची आणि त्या मलाच पेचात पकडायच्या. भाजी फार उकळली की जीवनसत्त्व जातं, असं सांगितलं तर म्हणाल्या, "जातं म्हंजी कुठं जातं? वाफंत आसंल तर वाफ खानाराचं भलं व्हईल की!" मग आठवडाभर शेवग्याच्या पाल्याच्या पातेल्यावर तोंड धरून बसल्या आणि रोज मला गाल दाखवून रंग आलाय का विचारायच्या. वाण्याचा तराजू आणून त्यांनी मुलींच्या ताटातलं उष्टंसुद्धा तोललं. एकीचं उष्टं रोज वाढतंय असं दिसल्यावर तिचं तोंड उघडून बघितलं, तर दाढ किडलेली. पुस्तकातला आहाराचा तक्ता तर त्यांना देवाच्या आरतीसारखा पाठ झाला : हलकं काम, मध्यम काम, कष्टाचं काम, आणि कुणाला किती.

परीक्षा नगरला होती. मी बाहेर खिडकीशी उभी राहून ऐकत होते. तोंडी उत्तरं मावशींनी धडाधड दिली. शेवटी स्वतःला पुरेल असं एका वेळचं ताट मांडायचं होतं. मावशींनी अर्धी भाकरी आणि वाटीभर पातळ वरण ठेवलं.

"एवढंच?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"हलकं काम हाय न्हवं माजं. चुलीम्होरं बसूनच तर आसते."

"भाकऱ्या किती करता?"

"दोन टायमाच्या मिळून दोनशे व्हत्यात."

"आणि पाणी?"

"ते आडावरनंच वडायचं की."

परीक्षक बाईंनी आपल्या हातानं त्या ताटात दोन भाकऱ्या वाढल्या आणि म्हणाल्या, "मावशी, तुम्ही पास आहात. पण एवढं एक उत्तर साफ चुकलंय."

परत येताना एस.टी.त मावशींचं एकच चालू होतं : तक्ता तर पाठ होता, मग मार्क कापले कशापायी? त्यांचं काम तक्त्याच्या कुठल्या रकान्यात बसतं हे शिकवताना मीही कधी पाहिलं नव्हतं, याची मला लाज वाटत होती. त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं आणि त्यांनीच थापलेली तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात टाकली. एरवी मुली उठल्यावर पातेल्याच्या तळाशी जे उरेल, ते त्या निवल्यावर खायच्या. त्यांनी घास मोडला, थांबल्या, उरलेली भाकरी उलटसुलट करून पाहिली.

"बाई," त्या नवलानं म्हणाल्या, "ऊन आसताना आशी लागती व्हय माजी भाकरी?"

त्या वसतिगृहात जेवलेल्या आम्हा सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्यांना सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं.