शिसारीला इंग्रजीत काय म्हणतात

दवाखान्यात तिला सगळे ताई म्हणत. दवाखाना दातांचा. डॉक्टरांशेजारी उभं राहून पेशंटच्या तोंडात नळी धरायची, रक्त आणि लाळ ओढून घ्यायची, कुणी फारच घाबरलं तर त्याचं डोकं धरून ठेवायचं, हे ताईचं काम. किडक्या दाढांचा वास, कवळीखाली अडकून कुजलेलं अन्न, यातल्या कशानेही तिचं नाक कधी मुरडलं नाही. नणंद विचारायची, "वहिनी, तुला किळस कशी येत नाही गं?" ताई म्हणायची, "तोंडच ते. आतून सगळ्यांचं सारखंच असतं."

पण दिवसभर उभं राहून पोटऱ्यांच्या शिरा दोरीसारख्या फुगायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "समोर काउंटरवर बसा ना. पण फोनवर निम्मे लोक इंग्रजीच झाडतात, तेवढं शिकून घ्या." म्हणून ताईने संध्याकाळचा क्लास लावला.

क्लास टायरच्या दुकानावरच्या खोलीत होता. खोलीला कायम जळक्या रबराचा वास. भिंतीवर सरांचेच फोटो: हातात माइक, तोंड वासलेलं. सर स्टेजवर विनोद सांगायचे, आणि इंग्रजी शिकवायची त्यांची पद्धतही तीच. व्याकरण नाही, पाठांतर नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि आपण विनोदी कलाकार आहोत असं समजून गप्पा मारायच्या.

"हाउ वॉज युवर शो?" एकाने विचारायचं.

"आय बॉम्ब्ड," दुसऱ्याने म्हणायचं. म्हणजे माझा कार्यक्रम साफ पडला, आपटला. प्रेक्षक हसत नसतील तर 'टफ क्राउड'. स्टेजवर जाणाऱ्याला शुभेच्छा द्यायच्या तर 'ब्रेक अ लेग'. पाय मोडो ही कसली शुभेच्छा, असं ताईच्या मनात आलं, पण तिने ते वाक्य गुमान घोकलं. बोलता बोलता सर खोलीच्या किल्लीने कान कोरत, किल्लीचं टोक निरखून पाहत, ती शर्टाला पुसत, आणि त्याच हाताने फळ्यावर लिहीत. ताई वहीत डोकं खुपसायची. तिलाच नवल वाटायचं. दिवसभर लोकांच्या थुंकीत हात, आणि या माणसाच्या कानातल्या मळाने मळमळतंय.

तिच्या जोडीला नळदुरुस्ती करणारे एक काका होते. नव्या इमारतींतली गिऱ्हाइकं इंग्रजीतच तक्रार सांगतात, म्हणून या वयात आलेले. ते म्हणायचे, "ताई, तुम्ही दिवसभर लोकांचे दात काढता आणि इथे येऊन स्वतःचे." ताईला खळखळून हसायची सवय होती. सुरुवात नाकातून आणि शेवट उचकीत, असं तिचं हसणं. काकांबरोबर तिची जीभ सैल सुटली.

एकदा सरांनी आपापल्या कामाबद्दल बोलायला सांगितलं. काका उभे राहून म्हणाले, "मॅडम, आय ओपन युवर पाइप. वॉटर कम, यू हॅपी." वर्ग हसला, काकाही हसले. ताई म्हणाली, "डॉक्टर पुल. आय होल्ड हेड. पेशंट फिअर, पेशंट होल्ड मी." एक म्हातारी दाढ काढताना तिचं मनगट धरून बसली होती आणि नंतरही सोडेना, ते तिला सांगायचं होतं. शब्द पुरले नाहीत, तेव्हा तिने ते मराठीत सांगितलं. सर मन लावून ऐकत होते. ताईला बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना आपल्या कार्यक्रमाचे पास दिले. ताई नवऱ्याला घेऊन गेली. काका मागच्याच रांगेत बसले होते. हॉल भरलेला होता.

सर आले, आणि थोड्याच वेळात कंबर वाकवून, तोंडाचा चंबू करून म्हणाले, "मॅडम, आय ओपन युवर पाइप." आवाज हुबेहूब काकांचा. मग त्यांनी कंबर अशी काही हलवली की पाइप या शब्दाचा अर्थच बदलला. हॉल हशाने फुटला. आणि ताईही हसली. नाकातून सुरू झालं ते थांबेना, डोळ्यांत पाणी आलं, तिने नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

पाणी पुसते तोच सरांनी खांद्यावरून खोटा पदर ओढून घेतला. "डॉक्टर पुल," ते बारीक आवाजात म्हणाले. "आय होल्ड हेड. पेशंट होल्ड मी." आणि पेशंट कुठे कुठे धरतो ते दोन्ही हातांनी स्वतःच्या अंगावर दाखवलं. हळूहळू, चवीने.

ताईच्या तोंडातलं हसू तिथेच नासलं. तिला ती म्हातारी आठवली, तिची थंडगार बोटं आठवली. शेजारी नवरा मांडीवर थाप मारून हसत होता. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तरी त्याचं हसू काही पुरतं मावळलं नाही. ताईने मागे वळून पाहिलं. काकांची खुर्ची रिकामी होती.

दारात सर भेटले. घामाने डबडबलेले, खूश. "नो हार्ड फीलिंग्ज हं, ताई," ते म्हणाले. "विनोद आहे."

नवरा वाटेत म्हणाला, "त्याने नाव थोडंच घेतलं तुझं? एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" घरी पोचल्यावर ताईने तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. चेहऱ्याला काही तेलकट लागलंय असं वाटत राहिलं.

पुढच्या वर्गाला ती गेली. काका आले नव्हते. सरांनी पहिलाच प्रश्न तिला टाकला, "सो, हाउ वॉज माय शो?"

ताई उभी राहिली. "सर, शिसारी येणं, याला इंग्रजीत काय म्हणतात?"

"शिसारी? इट मेक्स मी सिक," सर म्हणाले आणि उत्साहाने फळ्यावर लिहायला वळले. "छान वाक्य आहे. म्हणा."

"इट मेक्स मी सिक," ताई म्हणाली. "तुमचा शो. इट मेक्स मी सिक." उच्चार स्वच्छ होता. कुणी हसलं नाही. सर खडू हातात धरून तोंडभर हसायचा प्रयत्न करत राहिले. मग म्हणाले, "टफ क्राउड." तिने पिशवी उचलली आणि जिना उतरली.

पण मळमळ काही गेली नाही, कारण सरांवर ओकून झालं तरी आत तिचं स्वतःचं हसू शिल्लक होतं. दोन दिवस घालमेल झाल्यावर ती काकांचा पत्ता काढत एका इमारतीत पोचली. काका बेसिनखाली आडवे होते, गटाराचा काळा गाळ कोपरापर्यंत.

"काका, त्यांनी तुमची नक्कल केली तेव्हा मी हसले," ती म्हणाली. "माझ्यावर आलं तेव्हा वाईट वाटलं. तोवर मजा वाटत होती."

काकांनी पाना फिरवणं थांबवलं नाही. "ऐकलं मी," ते म्हणाले. "एवढ्या हॉलमध्ये तुमचं हसणं लपतं होय? म्हणून तर उठलो. त्या माणसाचं काय, त्याचा धंदा आहे तो."

ताई तिथेच उभी राहिली. बऱ्याच वेळाने काका बाहेर आले, चिंधीला हात पुसत म्हणाले, "क्लास सोडला ना तुम्ही? मीही सोडला. पण मला तर इंग्रजी लागणारच आहे."

मग दवाखाना बंद व्हायच्या वेळेला दोघं तिथल्या बाकावर बसू लागले. गळती कुठे आहे, कधी येऊ, पाणी बंद ठेवा. दुखतंय कुठे, किती दिवस झाले, जरा थांबा. एवढीच कोरडी वाक्यं, इंग्रजीत. विनोद कुणीच करत नव्हतं. काका पूर्वीसारखे मोकळे व्हायला बरेच महिने गेले, आणि पुरते मोकळे कधी झालेही नाहीत. वर्ष संपायच्या आत ताई काउंटरवर बसली. पोटऱ्यांना आराम पडला.

घरी मात्र काहीतरी तुटलं. नवऱ्याने एकदा भावाला हसवायला म्हणून "आय होल्ड हेड" असं बारीक आवाजात म्हणून दाखवलं होतं. ताई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं. तेव्हापासून दवाखान्यातली कुठलीच गोष्ट तिने घरात आणली नाही. तो विचारतो, "आज काय विशेष?" ती ताट पुढे सरकवते आणि म्हणते, "काही नाही. जेवा."