चौदाव्या तुकड्यावरचा गालिचा

बागांच्या समितीचं पत्र आलं तेव्हा मेव्हिस हॉर्सफॉल स्वयंपाकघरात आंबट रुबार्बची भाजी चिरत होती. लाल देठ फळीवर तसेच टाकून तिनं पत्र दोनदा वाचलं. पाहणी शनिवारी. त्याआधी बागेच्या कोपऱ्यातला गालिचा उचलायचा. नाहीतर जमीन यादीतल्या पुढच्या माणसाला.

टेकडीवर भाड्यानं मिळणाऱ्या बागांमधला चौदावा तुकडा एकतीस वर्षं तिच्या नवऱ्याच्या, स्टॅनलीच्या नावावर होता. नोव्हेंबरात तो गेला. तिथला रिवाज असा, की मागं राहिलेल्या बायकोला एक हंगाम मिळतो. जूनच्या पाहणीत ती पास झाली, तर जमीन तिची.

मेव्हिसनं उभा जन्म लोकरीच्या गिरणीत काढला. कापडाच्या ठाणावर हात फिरवायचा, बोटाला गाठ लागली की चिमट्यानं उपसायची, तुटला धागा सुईनं भरायचा. माती हे नवऱ्याचं खातं. ती फ्लास्कमधून चहा पोचवायची आणि विचारायची, "अजून किती वेळ?" तो गेल्यावर मात्र तिला घरात बसवेना. थंडीभर ती खणत राहिली. कांदे दाट लागले, बटाट्यांना माती कमी पडली, तरी मे महिन्यात सगळं हिरवं झालं. दिवसभरात कुणाशी बोलणं व्हायचं, ते तिथंच.

गालिचा त्यांच्याच बैठकीतला. चिवट गवत दाबायला स्टॅनलीनं तो अंथरला होता. पूर्वी सगळेच अंथरायचे. आता रंग मातीत उतरतो म्हणून बंदी आली होती. मेव्हिस तो उचलणारच होती. पण एप्रिलात भुंग्यांची एक गुबगुबीत राणी त्याच्या फाटक्या काठाखाली शिरताना तिला दिसली. आता तिथून तीसेक भुंगे ये-जा करत. अंगावर लोकर, बुडाशी पांढरा ठिपका. खुरपताना ते तिच्या मनगटाला घासून जायचे; एकदाही कुणी डसलं नाही.

"काय गं पोरी, तोंड असं का? दूध नासलं?" शेजारच्या तुकड्यावरचा अर्नी ओरडला. तो ऐंशीचा, ती अडुसष्टची.

"गालिचा काढायचाय. आणि खाली या भुंग्यांचं घर."

"मग रात्री हलव. सगळे आत आले, की पेटीत घालून न्यायचं. दिवसा हात लावशील तर निम्मे बाहेर राहतील."

बागांचं फाटक रात्री आठला बंद व्हायचं, आणि इतक्या उत्तरेला जूनमध्ये तेव्हाही लख्ख उजेड असे. किल्ली समितीचा सेक्रेटरी ट्रेव्हर याच्याकडे. आदल्याच दिवशी ती त्याच्याकडे मुदत मागायला गेली होती.

"तुला सोडलं, तर सहाव्या तुकड्यावरचा म्हणेल, माझ्याकडे उंदीर बाळंत झालेत," तो म्हणाला होता. मग डोळे चुकवत, "स्टॅनली माझा दोस्त होता, मेव्हिस. लोकांचं लक्ष आहे."

पुन्हा त्याच दारात किल्लीसाठी उभं राहायला तिचं मन धजेना.

शुक्रवारी दुपारी बारीक झिमझिम सुरू झाली. अशा गारठ्यात कोण बाहेर पडतंय, सगळे आतच असणार, असा तिनं हिशेब केला. अर्नी त्या दिवशी दवाखान्यात गेला होता. विचारायला कुणी नव्हतं. तिनं गालिचा उलटला. शेवाळ आणि उंदराच्या केसांचा मुठीएवढा गोळा, आत मेणाची तपकिरी बोळकी, काहींत मध. कापडावर फिरावीत तशी तिची बोटं त्याच्याखाली सरकली. सगळं लाकडी पेटीत ठेवून तिनं ती दूर कुंपणाच्या झुडपांत नेली. गालिचा गुंडाळून कचऱ्यात दिला.

तासाभरानं भुंगे परतू लागले. अंगावरच्या लोकरीमुळे त्यांना ना पाऊस अडवत होता ना थंडी. ते केव्हाचेच बाहेर पडले होते. पायांना पिवळे परागाचे गोळे लावून ते उघड्या मातीवर घिरट्या घालू लागले. खाली उतरत, चालत, पुन्हा उठत. मेव्हिसनं पेल्यात एकेक पकडून पेटीशी नेला. काही आत शिरले. बाकीचे उडून तिच्या आधीच परत कोपऱ्यात पोचले.

"झिमझिमीला घाबरते ती मधमाशी," संध्याकाळी अर्नी म्हणाला. "हे इथलेच आहेत, आपल्यासारखे."

शनिवारी सकाळी ट्रेव्हर वही घेऊन आला. वाफे पाहिले, कोपरा पाहिला.

"छान. स्टॅनलीला इतकं नीटनेटकं कधी जमलं नाही. जमीन तुझी." त्यानं कागद आणि पेन पुढं केलं.

मेव्हिस गुडघ्यांवर बसली होती. ओल्या मातीवर नऊ भुंगे निश्चल पडले होते.

"मेले?"

"गारठलेत. निदान काही."

तिनं दोन तळहातावर घेतले, ओंजळ तोंडाशी नेऊन फुंकर घातली. बराच वेळ काही झालं नाही. मग एकानं मधला पाय वर उचलला. चिडले की ते असंच करतात, हे तिला आता ठाऊक होतं.

"सही कर ना," ट्रेव्हर हळूच म्हणाला.

"थांब. हात रिकामे नाहीत."

तो पेन धरून उभा राहिला. दुसरा भुंगा हललाच नाही.