रविवारची अडचण

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात काही समजावं म्हणून धडपडणारी माणसं पुष्कळ आहेत. समजू नये म्हणून एवढी मेहनत घेणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या शेजारचे काका. बैहरच्या जंगलात झाडांवर नंबर घालण्यात त्यांची वनखात्यातली सगळी नोकरी सरली, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. घरातली बादली, शिडी, अंगणातला पेरू, सगळ्यांवर पांढऱ्या रंगाचे आकडे. काकू म्हणायच्या, "मी घडीभर एका जागी बसली, तं मलेबी नंबर टाकून देतीन हे."

असे हे काका साठी उलटल्यावर माझ्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसले आणि वेबपेज बनवायला शिकू लागले. त्यांची मुलगी पुण्यात तेच काम करायची. दर रविवारी तिचा फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, बरं ठेवते, एवढ्यात संपायचा.

काकांनी पानावर आख्खी गल्ली मांडली. घरोघरची थोरली मुलगी ताईच, म्हणून गल्लीतल्या अशा चौघींना त्यांनी 'ताई' हा एकच आयडी, म्हणजे ओळखीचा शिक्का, देऊन टाकला, आणि बटण दाबलं की सगळ्या ताया लाल व्हाव्यात अशी स्क्रिप्ट, म्हणजे पानाला द्यायच्या सूचना, लिहिली. लाल झाली ती फक्त पहिली. "बाकीच्या काहून नाही येऊन राह्यल्या?" असं पुटपुटत ते आठवडाभर पुन्हा पुन्हा बटण दाबत बसले. मला कामं तुंबलेली बघवत नाहीत. सरळ सांगून टाकलं, "काका, आयडी तुमच्या झाडाच्या नंबरासारखा, एकाचा एकच. त्याने शोधलं की पान पहिलीपाशीच थांबतं. सगळ्या हव्यात तर त्यांना एक क्लास द्या, म्हणजे गटाचं नाव."

वाटलं, खूश होतील. ते ताडकन उठलेच. "तुले कोनं विचारलं होतं, सूनबाई? आठवडाभर जपून ठेवलं होतं मी हे. आता रविवारी पोरीले काय विचारू?"

तेव्हा उलगडा झाला. विचारायला एखादी अडचण असली की मुलगी अर्धा अर्धा तास बोलायची. "बाबा, हळू वाचा ना," म्हणायची, मध्येच हसायची. काकू रिसीव्हरला कान लावून उभ्या राहायच्या. त्यांना त्यातलं अक्षर कळत नसे.

पुढे काका या कामात तयार झाले. एका शनिवारी चारही ताया एकदम लाल झाल्या. क्लासातल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. काका पडद्याकडे बघत राहिले. मग स्क्रिप्टमधल्या त्या गटाच्या नावाआधीचं टिंब त्यांनी हळूच खोडलं. ते टिंब नसलं की पानाला गट सापडतच नाही. बटण दाबलं. एकही ताई लाल झाली नाही.

"बिघडलं," काका समाधानाने म्हणाले. "उद्या विचारतो तिले."

मी क्लास बंद केला. घरी आले आणि नागपूरला मुलाला फोन लावला.

"हां आई, बोल. कुछ काम था?"

काम काहीच नव्हतं. घरात सगळं नीट चालू होतं.