लाल पट्टीचं कार्ड

आमच्या ह्यांना बाजारात सगळे काटेवाले म्हणतात, कारण आम्ही दोघं वजनकाटे दुरुस्त करतो. घरी मात्र हे जुन्या धर्तीचे व्हिडिओ गेम बनवतात. जाड ठिपक्यांची माणसं, मोजकेच रंग, पिपाणीसारखा आवाज. एवढा चांगला कॉम्प्युटर घेऊन उलटं मागे कशाला जायचं, हे मला अजून उमगलेलं नाही.

गेमच्या शेवटी लखलखाट हवाच, असं ह्यांचं ठाम मत. पण माझ्या धाकट्या दिरांना फिट येते आणि डॉक्टरांनी लुकलुकत्या उजेडापासून लांब राहायला सांगितलंय. म्हणून प्रत्येक गेमची दोन मेमरी कार्डं निघतात. एक जगासाठी, आणि दुसरं लखलखाट काढलेलं, लाल पट्टी चिकटवून, भावासाठी. भाऊजी ‘जमलंय’ म्हणाले, की मगच गेम बाहेर जातो.

त्या दिवशी दुकानात स्क्रू शोधायला ह्यांनी खिशात हात घातला आणि चेहरा पांढराफटक पडला. हातात लाल पट्टीचं कार्ड होतं. म्हणजे सुट्टीवर घरी असलेल्या भाऊजींना सकाळी दिलं ते लखलखाटाचं.

फोन लावला, उचलेनात. खेळताना ते कधीच उचलत नाहीत, तरी मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. मागच्या वेळी ते न्हाणीघरात पडले, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. दुकान उघडं टाकून आम्ही धावत सुटलो. “माझ्या हातानं दिलं मी,” एवढंच हे वाटभर म्हणत होते. मी त्यांना गप्प बसवलं, कारण मलाच रडू फुटत होतं.

दार उघडलं तर भिंतीवर पांढरा उजेड उघडझाप करत होता. भाऊजी खुर्चीत मान खाली घालून बसलेले, हालचाल नाही. ह्यांनी टीव्हीची वायर उपटली.

“संपला का?” भाऊजींनी विचारलं. डोळे गच्च मिटलेले होते.

ह्यांनी वाकून त्यांचा चेहरा निरखला. भाऊजी म्हणाले, “दादा, तुझा धांदरटपणा मला माहीत नाही का? शेवटची धून लागली की मी मान खाली घालून डोळे मिटतो. प्रत्येक गेमला.”

“मग शेवट छान जमलाय म्हणायचास ते?”

“तू केलेला असायचा ना.”

हे मटकन खालीच बसले. लाल पट्टीचं कार्ड भाऊजींनी स्वतः मागितलं. हे देईनात, नीट तपासून देतो म्हणाले, पण अखेर दिलं. ठिपक्यांचा माणूस घरी पोचला, त्यानं दार उघडलं. भाऊजींनी तो शेवट उघड्या डोळ्यांनी पाहिला आणि हसले. ह्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. ते भावाच्या पापण्यांकडे बघत होते, आणि मीही.